विद्यार्थ्यांची लेखणी आणि विद्यापीठांची शिस्त

कौंडण्यपूर येथें वर्धा नदीच्या घाटावर उभें राहिलें असतां अलीकडचा कांठ अमरावती जिल्ह्याचा व पलीकडचा वर्धा जिल्ह्याचा. भीष्मक राजाची राजधानी ती हीच, आणि रुक्मिणीनें आपल्या वडील बंधूच्या मर्जीविरुद्ध द्वारकेस जें पत्र धाडिलें तें येथूनच, अशी वऱ्हाडांतील लोकांची पिढ्यानपिढ्यांची समजूत आहे. त्या कथेवर एकनाथांनीं ‘रुक्मिणीस्वयंवर’ रचिलें. तें भाविकांच्या घरीं अजूनही वाचिलें जातें. आणि घरच्या कर्त्या पुरुषाची परवानगी न घेतां या मुलीनें पत्र लिहिलें कसें, असा प्रश्न आजपर्यंत कोणा पुराणिकानें विचारल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. परंतु त्याच नदीच्या पलीकडे २०१९ सालीं पत्रलेखनावरूनच सहा विद्यार्थ्यांस विद्यापीठांतून घालवून देण्यांत आलें. त्या प्रकरणास आतां कित्येक वर्षें लोटलीं आहेत. तथापि त्यानंतर आपल्या राज्यांत जें जें घडत गेलें तें पाहतां त्याचा विचार संपला असें म्हणण्यास आम्ही तयार नाहीं.

हकीकत थोडक्यांत अशी. वर्धा येथील महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय हें संसदेच्या कायद्यानें निर्माण झालेलें केंद्रीय विद्यापीठ आहे. २०१९ च्या जुलै महिन्यांत देशांतील ४९ नामांकित कलावंत व विचारवंत यांनीं, जमावाकडून होणाऱ्या हत्यांविषयीं चिंता दर्शविणारें उघडें पत्र पंतप्रधानांस लिहिलें होतें. त्यावरून ऑक्टोबरच्या आरंभीं बिहारांत मुझफ्फरपूर येथें त्यांच्यावर गुन्हा नोंदविण्यांत आला. याचा निषेध म्हणून वर्ध्याच्या विद्यार्थ्यांनीं ९ ऑक्टोबर रोजीं एकत्र जमून आपणही पंतप्रधानांस पत्रें लिहावीं असें ठरविलें. विद्यापीठानें कार्यक्रमास परवानगी दिली नाहीं. विद्यार्थी तरीही जमले, आणि त्याच दिवशीं सहा जणांच्या निष्कासनाचा हुकूम निघाला. विधानसभेच्या निवडणुकीची आचारसंहिता मोडली व न्यायप्रक्रियेंत ढवळाढवळ केली, हीं त्याचीं कारणें. जमलेल्यांत इतरही पुष्कळ असतां दलित व इतर मागासवर्गीय समाजांतील सहा जणांचींच नांवें तेवढीं निवडण्यांत आलीं, असें विद्यार्थ्यांचें म्हणणें त्या वेळीं प्रसिद्ध झालें होतें.

निवडणुकीची आचारसंहिता राजकीय पक्ष, उमेदवार व सत्तेवर असलेलें सरकार यांना वेसण घालण्यासाठीं आहे. नागरिकानें आपल्या पंतप्रधानांस पत्र लिहूं नये, असें तींत कोठेंही सांगितलेलें नाहीं. अर्थात् हुकूम टिकण्यासारखा नव्हता. देशभर ओरड झाली, आणि १३ ऑक्टोबर रोजीं तो मागें घेण्यांत आला. पुष्कळांनीं त्या वेळीं सुटकेचा निःश्वास टाकिला. परंतु तो मागें घेतांना जें कारण देण्यांत आलें तें लक्षपूर्वक वाचण्याजोगें होतें. तांत्रिक त्रुटी राहिली आणि नैसर्गिक न्यायाचा विचार व्हावा, हें तें कारण. म्हणजे पत्र लिहिणें हा अपराध नव्हता असें विद्यापीठानें म्हटलें नाहीं; शिक्षा देण्याची रीत तेवढी चुकली असें म्हटलें. सावकारानें खोट्या खतावरून कुळावर जप्ती आणावी, आणि बोभाटा होतांच स्टँप कमी किंमतीचा होता म्हणून ती उठवावी, त्यांतलाच हा प्रकार. जप्ती उठली खरी, पण खत खोटें होतें हें कोणीच कबूल केलें नाहीं, आणि पुढील वर्षीं तोच सावकार पुऱ्या किंमतीचा स्टँप लावून पुन्हां दारांत उभा राहण्यास मोकळाच राहिला.

ज्या महात्म्याचें नांव या विद्यापीठास दिलें आहे त्यांस १९२२ सालीं सहा वर्षांची जी शिक्षा झाली ती ‘यंग इंडिया’ पत्रांत लिहिलेल्या लेखांबद्दल झाली होती. एवढ्याची आठवण ठेवली असती तरी तो हुकूम काढणाऱ्याचा हात क्षणभर थबकला असता.

हें झालें पत्रांचें. खुद्द विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्रावर शिस्तीची कुऱ्हाड पडल्याचें अलीकडचें ठळक उदाहरण दिल्लीचें आहे. तेथील सेंट स्टीफन्स महाविद्यालयांतील कांहीं विद्यार्थ्यांनीं २०१५ च्या मार्च महिन्यांत एक साप्ताहिक सुरू केलें. छापील नव्हे, इंटरनेटवर वाचावयाचें. त्यांत त्यांनीं आपल्या प्राचार्यांचीच मुलाखत घातली. आपण मजकूर पाहून पसंत केल्याविना तो प्रसिद्ध करावयास नको होता, असें प्राचार्यांचें म्हणणें पडलें. साप्ताहिकास बंदी झाली व संपादकांपैकीं एका विद्यार्थ्यास निलंबित करण्यांत आलें. एप्रिलांत दिल्लीच्या उच्च न्यायालयानें त्या निलंबनास स्थगिती दिली. या प्रकरणांत अश्लीलता नव्हती, कोणाच्या धर्माची निंदा नव्हती, कोणाची जात काढलेली नव्हती. प्राचार्य बोलले तें छापलें, एवढाच काय तो अपराध. संपादकाचें काम विद्यार्थ्यानें केलें आणि मजकूर तपासण्याचें काम प्राचार्यांनीं आपल्याकडे घेतलें, तर त्या पत्रास विद्यार्थ्यांचें पत्र म्हणावयाचें तरी कशाला? कचेरीचें सूचनापत्रक म्हटलें म्हणजे झालें.

महाराष्ट्रांत काय चाललें आहे तेंही पाहूं. मुंबईच्या आय. आय. टी. मध्यें ३१ मार्च २०२४ रोजीं विद्यार्थ्यांनीं रामायणाच्या कथेवर बेतलेलें ‘राहोवन’ नांवाचें नाटक केलें. त्यांत देवतांचा उपमर्द झाला अशी तक्रार आली, आणि जून महिन्यांत कांहीं विद्यार्थ्यांस प्रत्येकीं १ लाख २० हजार व इतर कांहींस ४० हजार रुपये दंड झाल्याचें जाहीर झालें. नाटक चांगलें होतें कीं वाईट याविषयीं आमचा आग्रह नाहीं. ज्या प्रेक्षकांस तें आवडलें नाहीं त्यांनीं तसें ठणकावून सांगावयास पाहिजे होतें. परंतु दंडाची रक्कम आमच्या वाचकांनीं आपल्या मापानें मोजून पाहावी. २०२४-२५ च्या हंगामांत लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलास ७,५२१ रुपये होता. त्या भावानें १ लाख २० हजार म्हणजे जवळजवळ सोळा क्विंटल कापूस, कोरडवाहू शेतकऱ्याचें कित्येक एकरांचें पीक. तेल्हाऱ्याकडचा किंवा दर्यापुराकडचा एखादा हुशार मुलगा तेथपर्यंत पोंचला, आणि एका संध्याकाळच्या नाटकापायीं हें बिल त्याच्या बापाच्या हातीं पडलें, तर तो बाप मुलास काय सांगेल? बाबा, तूं शिक, पण तोंड उघडूं नको. दंड एकाला होतो, आणि हा उपदेश शंभर घरीं पोंचतो.

पुण्याचें २०२५ चें प्रकरण याहून कठीण होतें, कारण तेव्हां सीमेवर तोफा चालूं होत्या. मे महिन्यांत भारत-पाकिस्तान संघर्षाच्या दिवसांत अभियांत्रिकी शिकणाऱ्या एका एकोणीस वर्षांच्या मुलीनें सरकारवर टीका करणारा दुसऱ्याचा मजकूर इन्स्टाग्रामवर पुढें पाठविला. थोड्याच वेळांत तिनें तो काढून टाकिला व क्षमाही मागितली. तरी पोलिसांनीं तिला अटक केली, आणि महाविद्यालयानें तिचें म्हणणें ऐकून न घेतां तिला काढून टाकिलें. २७ मे रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें तिच्या सुटकेचा हुकूम दिला, महाविद्यालयाचा हुकूम स्थगित केला, तिला परीक्षेस बसूं देण्यास सांगितलें आणि सरकार व महाविद्यालय या दोघांसही कडक शब्दांत जाब विचारला. तिचा तो मजकूर आम्हांसही रुचण्यासारखा नाहीं. परंतु न आवडणारा मजकूर हाच तर या प्रश्नाचा विषय आहे. सर्वांस आवडणारा मजकूर लिहिणाऱ्यास स्वातंत्र्याची गरज कधींच पडत नाहीं. त्यास हारतुरे मिळतात.

सर्व भानगडीचें मूळ ‘आक्षेपार्ह’ या एका शब्दांत आहे. हा शब्द आपल्या राज्यघटनेंत नाहीं. एकोणिसाव्या कलमानें भाषणस्वातंत्र्यावर ज्या मर्यादा घालण्याची मुभा दिली त्या मोजक्या आहेत : देशाचें सार्वभौमत्व व सुरक्षितता, परराष्ट्रांशीं मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता व नीति, न्यायालयाचा अवमान, बदनामी, गुन्ह्यास चिथावणी. ‘मन दुखावणें’ असा कांहीं वेगळा सदर तेथें नाहीं. २०१२ सालीं बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली, त्यावर पालघरच्या एका मुलीनें फेसबुकावर दोन ओळी लिहिल्या व दुसरीनें त्यांस पसंती दर्शविली, एवढ्यावरून दोघींस अटक झाली होती. त्या अटकेपासूनच जो वाद सर्वोच्च न्यायालयांत गेला, त्यांत २४ मार्च २०१५ रोजीं माहिती तंत्रज्ञान कायद्याचें ६६-अ हें कलम रद्द ठरलें. एकास जें आक्षेपार्ह वाटतें तें दुसऱ्यास वाटत नाहीं, तेव्हां अशा मोघम शब्दावर कोणास तुरुंगांत घालतां येत नाहीं, असा त्या निकालाचा आशय आहे. पोलिसांच्या हातून जें हत्यार न्यायालयानें काढून घेतलें, तें कुलसचिवांच्या टेबलावर मात्र ‘संस्थेची प्रतिष्ठा मलिन करणें’, ‘शिस्तभंग’ अशीं नांवें धारण करून अद्याप पडलेलें आहे. वकीलवर्गाचें लक्ष तिकडे जावें तितकें गेलेलें नाहीं.

येथें आमचे कांहीं वाचक विचारतील कीं, मग विद्यार्थ्यांनीं वाटेल तें छापावें काय? एखादें पत्र खरोखरच घाणेरडें निघालें तर? हा प्रश्न रास्त आहे, आणि तो टाळून स्वातंत्र्याचीं व्याख्यानें देणें आम्हांस पसंत नाहीं.

अमेरिकेंतील मिसुरी विद्यापीठांत १९६९ सालीं नेमका असाच प्रसंग आला. पत्रकारितेचा अभ्यास करणाऱ्या पापिश नांवाच्या एका विद्यार्थिनीनें एक पत्र आवारांत वांटलें. पोलीस स्वातंत्र्यदेवतेवर व न्यायदेवतेवर बलात्कार करीत आहेत असें व्यंगचित्र त्याच्या मुखपृष्ठावर होतें, आणि आंतील एका लेखाचा मथळा घरांत उच्चारतां न येण्यासारखा होता. विद्यापीठानें तिला काढून टाकिलें. १९७३ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें सहा विरुद्ध तीन मतांनीं निकाल दिला कीं, वांटण्याची वेळ, जागा व पद्धत यांविषयीं विद्यापीठ वाजवी नियम करूं शकतें. परंतु विचार अभिरुचीला कितीही बोंचला तरी केवळ सभ्यतेच्या नांवाखालीं सरकारी विद्यापीठास तो बंद पाडतां येत नाहीं. तीन न्यायाधीश विरुद्ध होते, हेंही आम्ही सांगून ठेवितों. प्रश्न सोपा असता तर तसें झालें नसतें.

तें चित्र आमच्या घरीं आलें असतें तर आम्हीं तें मुलांच्या नजरेस पडूं दिलें नसतें. तरीही त्याचा रोख सत्तेवर होता. कोणा वर्गबंधूवर किंवा वर्गभगिनीवर नव्हता. आमच्या मतें रेषा ओढावयाची ती येथें. वसतिगृहांत राहणाऱ्या एखाद्या मुलीचें नांव घेऊन तिच्याविषयीं गलिच्छ मजकूर छापणें, किंवा शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या मुलास त्याच्या जातीवरून हिणविणें, ही टीका नव्हे, हा छळ आहे. त्यासाठीं १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे, विद्यापीठ अनुदान आयोगाचे रॅगिंगविरुद्धचे २००९ चे नियम आहेत, बदनामीचा कायदा आहे. त्यांचा उपयोग करण्यास संस्था कांकूं करितात हीच उलट आमची तक्रार आहे. कुलगुरूंवर व्यंगचित्र काढलें तर चोवीस तासांत समिति बसते. दलित विद्यार्थ्याचा पाणउतारा झाला तर अर्जाची पोंच मिळावयास महिना लागतो. बलवानांच्या भावना हळव्या आणि दुबळ्यांच्या भावना बोथट, असा नियम कोणत्याही शिस्तीच्या पुस्तकांत लिहिलेला नाहीं, पण व्यवहार मात्र त्याच नियमानें चालतो.

वऱ्हाडानें तरी हा विषय परका मानूं नये. गोपाळ गणेश आगरकर हे टेंभूचे; परंतु शिक्षणासाठीं ते अकोल्यास आले, महाजनींसारखे शिक्षक त्यांस येथेंच लाभले, आणि विद्यार्थिदशेंतच ते ‘वऱ्हाड समाचार’ पत्रांत लिहीत असत. गरीब, आश्रित, फटकळ लिहिणारा असा तो मुलगा होता. हेडमास्तरांनीं त्याच्या एखाद्या लेखावरून त्यास शाळेंतून काढलें असतें तर कोणाचें काय अडलें असतें? त्या वेळीं कोणाचेंच नाहीं. पुढें १८८१ सालीं केसरीस संपादक दुसरा शोधावा लागला असता, आणि १८८८ सालीं ‘सुधारक’ निघालाच नसता, इतकेंच. ज्या आगरकरांची पुण्याच्या सनातन्यांनीं जिवंतपणीं प्रेतयात्रा काढिली, त्यांच्या लिखाणाएवढें आक्षेपार्ह लिखाण त्या काळीं दुसरें कोणतें होतें?

मात्र सुधारकांनींही येथें आपल्या घराकडे पाहिलें पाहिजे. १९०५ सालीं पुण्यांत विदेशी कपड्यांची होळी झाली तेव्हां विनायक दामोदर सावरकर या विद्यार्थ्यास दहा रुपये दंड करून फर्ग्युसनच्या वसतिगृहांतून काढणारे प्राचार्य रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे नांवाजलेले बुद्धिवादी व समाजसुधारक होते, आणि त्यांचें तें महाविद्यालय कांहीं वर्षांपूर्वीं खुद्द आगरकरांच्या हातीं होतें. पुढें १९०७ सालीं हिंदुस्थान सरकारच्या रिस्ले साहेबांनीं विद्यार्थ्यांस राजकारणापासून दूर ठेवण्याचें परिपत्रक काढलें, त्याबद्दल आपण आजही परक्या सरकारास नांवें ठेवितों. परंतु ‘विद्यार्थ्यांनीं अभ्यास करावा, इतर उठाठेव करूं नये’ हें रिस्ले साहेबांचें वाक्य आज स्वकीय प्राचार्यांच्या तोंडीं जसेंच्या तसें ऐकूं येतें, आणि पालकांस तें गोडही लागतें.

आमच्या भागांत विद्यार्थ्यांचीं स्वतंत्र पत्रें जवळजवळ नाहींत. आहे तो महाविद्यालयाचा वार्षिकांक. त्यांत आरंभीं संस्थाध्यक्षांचें छायाचित्र, मग शुभसंदेश, मग प्राध्यापकांनीं तपासून दिलेल्या कविता, आणि शेवटीं गांवांतील सराफ, कापडवाले, बियाणेंवाले यांच्या जाहिराती. १९८३ सालीं स्थापन झालेल्या अमरावतीच्या विद्यापीठास आज संत गाडगे बाबांचें नांव आहे. बाबांनीं कीर्तनांत काय केलें? बोकड कापणाऱ्यास, ऋण काढून सण करणाऱ्यास, अस्पृश्यता पाळणाऱ्यास त्याच्या तोंडावर, भरल्या सभेंत, वऱ्हाडी बोलींत उघडें पाडलें. त्यांच्या तोंडचे तेच प्रश्न एखाद्या मुलानें गांवच्या आजच्या रूढींविषयीं व आजच्या पुढाऱ्यांविषयीं वार्षिकांकासाठीं लिहून दिले, तर किती महाविद्यालयांत ते छापले जातील? आणि समजा छापले गेले, तर आमचे व्यापारी बंधु पुढील वर्षीं त्या अंकास जाहिरात देतील काय?

हा शेवटला प्रश्न आम्हीं मुद्दाम विचारला आहे. संस्थांच्या कार्यकारी मंडळांवर, महाविद्यालयांच्या समित्यांवर, देणगीदारांच्या यादींत आमचे पुष्कळ वाचक आहेत. एखाद्या लेखावरून चार माणसें चिडलीं म्हणजे तीं प्राचार्यांकडे जाण्याआधीं बहुधा त्यांच्याकडे येतात, आणि ‘प्रकरण मिटवा’ असा निरोप त्यांच्याच तोंडून खालीं जातो. प्राचार्य हा नोकर माणूस; तो मिटवितो, म्हणजे विद्यार्थ्यास मिटवितो. तेव्हां या मंडळींच्या हातांत जें आहे तें त्यांनीं करावें. नियम आधीं लिहून ठेवावे, आणि ते प्रवेशाच्या दिवशींच विद्यार्थ्याच्या हातीं द्यावे. आरोप लेखी द्यावा, उत्तरास मुदत द्यावी, आणि ज्याची टीका झाली त्यानें स्वतः न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसूं नये. चौकशीच्या समितींत कायदा जाणणारा एक तरी बाहेरचा गृहस्थ असावा. ज्यास लेख खटकला त्यास पुढच्या अंकांत तितकीच जागा उत्तरासाठीं देण्याचा नियम केला तर निम्मीं प्रकरणें तेथेंच संपतील, आणि त्यास कागदापलीकडे खर्च नाहीं. शिक्षा द्यावयाचीच झाली तर ती परीक्षेवर व वसतिगृहाच्या खोलीवर पडूं देऊं नये. गरिबाच्या मुलास खोली गेली म्हणजे शिक्षण गेलें.

नवीन सत्र जूनमध्यें उघडतें. आमच्या वाचकांपैकीं जे कोणी एखाद्या संस्थेच्या मंडळावर असतील त्यांनीं पहिल्याच बैठकींत शिस्तीच्या नियमांचें पुस्तक मागून घ्यावें, आणि ‘आक्षेपार्ह’ म्हणजे काय हें त्यांत कोणत्या पानावर लिहिलें आहे तें विचारावें.